अडगळ आणि पाडकाम

आमच्या सातवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें एके दिवशीं मधल्या सुटींत मला प्रश्न केला, ‘सर, आमच्या घराचें काम निघालें आहे. बाबा म्हणतात, घर रिकामें करायचें आणि तोडायचें अशीं दोन्ही कामें एकाच माणसाला देऊन टाकूं. दोन्ही म्हणजे नको तें बाहेर काढणेंच ना?’ घंटा होण्यास दोनच मिनिटें उरलीं होतीं, म्हणून मीं त्यास थोडक्यांत ‘नाहीं’ एवढेंच उत्तर दिलें. परंतु प्रश्न चांगला होता. शिवाय कांहीं वर्षांपूर्वीं मीं स्वतः हीच समजूत उराशीं धरून मोठा घोटाळा करण्याच्या बेतांत होतों. सबब त्या विद्यार्थ्याचें राहिलेलें उत्तर येथें सविस्तर देत आहें. पालकांनींही तें वाचावें, कारण घराचा ठेका देतांना शेवटीं सही त्यांचीच लागते.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ पाहूं. अशी कल्पना करा कीं, एखाद्या राक्षसानें तुमचें घर उचललें, उलटें धरलें आणि पेटीप्रमाणें हालविलें. जें खडखडत खालीं पडेल तें सामान. त्यांतील जें आपणांस नको असेल ती अडगळ. इतकें हालवूनही जें जागचें हालणार नाहीं, म्हणजे भिंती, फरशी, चौकटी, ओटा, भिंतींतील नळ, तें घर. अडगळ काढणें म्हणजे घरांतील वस्तु बाहेर नेणें. आंतील पाडकाम म्हणजे घराचाच एक भाग तोडून बाहेर नेणें. दोन्ही कामांच्या शेवटीं दारांत गाडी उभी राहते आणि माणसें डोक्यावरून ओझीं नेतांना दिसतात, म्हणून पाहणाऱ्यास तीं सारखीं भासतात. वस्तुतः खुर्ची बाहेर गेल्यानें दुसऱ्या कोणत्याही वस्तूस कांहीं होत नाहीं. भिंत गेली म्हणजे तिच्यावर, तिच्या आंत आणि तिच्या खालीं जें जें होतें त्या सर्वांचें कांहींना कांहीं होतें.

अडगळीचें काम आपल्याकडे फार जुनें व चांगलें बसलेलें आहे. माळ्यावरील पितळेचीं व तांब्याचीं भांडीं वजनावर जातात, वर्तमानपत्रें रद्दीवाल्याकडे जातात, मोडका पलंग आणि गंजलेला स्टोव्ह भंगारवाला नेतो. जुन्या कपड्यांवर स्टीलचें पातेलें देणारी बोहारीण तर किती घरांच्या संसाराची वाटेकरीण आहे, हें आपल्या आजीस विचारावें. या कामास जें ज्ञान लागतें तें घरच्या माणसांजवळच असतें. काय ठेवावें आणि काय टाकावें हें इंजिनियर सांगूं शकत नाहीं. तें आई सांगते. चूक झाली तर तीही बहुधा सुधारतां येते. आमच्या वडिलांच्या सेवाकाळाचे कागद मीं एकदां रद्दीच्या गठ्ठ्यांत दिले होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं रद्दीवाल्याच्या दुकानीं जाऊन, तासभर बसून, ते सर्व परत शोधून आणले. त्यानें चहासुद्धां पाजला.

धोका तेथेंही अगदींच नसतो. वर्षानुवर्षे न हालविलेल्या माळ्यावर विंचू निघतो. लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवितांना खालच्या माणसाच्या पायावर येतें. जुन्या नळकांडी दिव्यांत पारा असतो, म्हणून ते फोडूं नयेत व ओल्या कचऱ्यांत टाकूं नयेत. परंतु हे धोके डोळ्यांस दिसणारे आहेत. सावध माणूस ते टाळूं शकतो.

आतां माझी गोष्ट सांगतों.

मुंबईंतील एका जुन्या, स्वातंत्र्यापूर्वीं बांधलेल्या तीन मजली इमारतींत आमचें बिऱ्हाड आहे. आम्ही मधल्या मजल्यावर राहतों. स्वयंपाकघर अंधारें होतें. तें व पुढची खोली यांमधील भिंत काढली तर एकच मोठी, उजेडाची खोली होईल असें घरांतील सर्वांस वाटलें. माळे साफ करण्यासाठीं दोन माणसें आलीं होतीं. तीं मेहनती होतीं, प्रामाणिक होतीं, आणि त्यांनीं दोन दिवसांत घर आरशासारखें मोकळें केलें. त्यांच्या मुकादमानें विचारलें, ‘भिंतही आम्हीच काढूं कां? वेगळा माणूस कशाला?’ मला तें पटलें. माझ्या लेखीं भिंत ही तेव्हां एक मोठी, जड, न हालणारी अडगळच होती. दर ठरला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं हातोड्याचे पहिले दहा-बारा घाव बसले आणि गिलावा खालीं आला.

त्याच वेळीं तळमजल्यावर मोरीची दुरुस्ती करण्यासाठीं आलेले एक वृद्ध गवंडी आवाज ऐकून वर आले. दारांतच उभे राहून त्यांनीं छताकडे पाहिलें, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे.

‘मास्तर, ही भिंत पाडायला कोणी सांगितलं?’

‘मीच.’

‘वर कोण राहतं?’

‘एक आजीबाई आहेत, एकट्याच.’

‘मग एक तर त्यांना खालीं बोलवा, नाहीं तर हा हातोडा खालीं ठेवायला सांगा.’

हातोडा खालीं ठेवला गेला. मिस्त्रींनीं मग मला बोटानें छत दाखविलें. आमच्या इमारतींत वरची जमीन लाकडी कड्यांवर बसविलेली आहे. त्या कड्या पुढच्या खोलीवरून येऊन नेमक्या याच भिंतीवर टेकल्या होत्या, आणि स्वयंपाकघरावरील कड्यांचीं टोकेंही तिच्यावरच होतीं. गिलावा निघालेल्या जागीं त्यांनीं वीत लावून भिंतीची जाडी मोजली: नऊ इंच, पक्क्या विटांची. वरच्या मजल्यावर बरोबर याच रेषेंत दुसरी भिंत होती, आणि खालीं तिसरी. ‘ही खोलीची भिंत नाहीं,’ ते म्हणाले, ‘ही इमारतीची भिंत आहे. तुमच्या घरांतून जाते इतकंच.’

या वाक्यांत या विषयाचा गाभा आहे, म्हणून तो थोडा उलगडून सांगतों. घरें मुख्यतः दोन प्रकारें उभीं असतात. जुन्या घरांत भिंती स्वतः भार वाहतात. छताचें ओझें भिंतीवर, वरच्या भिंतीचें खालच्या भिंतीवर, आणि शेवटीं तें पायावर जातें. अलीकडील इमारतींत सिमेंट काँक्रीटचे खांब व तुळया यांचा सांगाडा भार वाहतो आणि मधल्या भिंती बहुधा केवळ आडोसा म्हणून बांधलेल्या असतात. त्या साधारणपणें साडेचार इंच जाडीच्या असतात. पुण्याच्या वाड्यांत याहून निराळी तऱ्हा आढळते. तेथें लाकडी खांबांचा व तुळयांचा सांगाडा, वर कडीपाट, आणि सांगाड्याच्या मध्यें विटा भरलेल्या. त्या विटा वरवर पाहतां भरताड वाटतात. परंतु सांगाड्यास एका अंगास कलूं न देण्याचें काम त्याच करीत असतात.

तेव्हां जाड भिंत भाराची आणि पातळ भिंत बिनभाराची असें समजावें काय? अंदाजास हें पुरेसें आहे, हातोडा उचलण्यास पुरेसें नाहीं. जुन्या घरांत कडी वांकून कालांतरानें खालच्या पातळ भिंतीवर येऊन टेकते, आणि जी भिंत बांधतांना आडोसा होती ती चाळीस वर्षांनीं आधार बनते. हें नकाशावर कोठेंच लिहिलेलें नसतें. म्हणून अडगळीच्या कामांत जशी आईची मान्यता, तशी येथें बांधकामाच्या इंजिनियरची लेखी मान्यता पाहिजे. गवंडी कितीही जाणता असला तरी त्यानें थांबवावें आणि इंजिनियरनें ठरवावें हें उत्तम. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमांतील ३४२ व्या कलमांतही इमारतींत फेरफार करण्यापूर्वीं, किरकोळ दुरुस्ती सोडून, पालिकेस सूचना देण्याचें बंधन आहे. ‘घर माझें, भिंत माझी’ असें म्हणणाऱ्या गृहस्थानें आपल्या डोक्यावर कोण झोपतें याची एकदां चौकशी करावी.

हें मी भीति घालण्यासाठीं लिहीत नाहीं. २५ जुलै २०१७ रोजीं मुंबईंत घाटकोपर येथें एक चार मजली इमारत दिवसाढवळ्या कोसळली आणि १७ माणसें मृत्यु पावलीं. तळमजल्यावर अंतर्गत फेरफाराचें काम चालू होतें, आणि त्या कामांत इमारतीच्या आधारासच हात लागला असा आरोप झाला. 

भार वाहणारी नसलेली भिंत तरी निर्धास्तपणें पाडतां येते कां, हें आतां गणितानें पाहूं. विद्यार्थ्यांनीं वही घेऊन स्वतः मांडावें. भिंत दहा फूट लांब, दहा फूट उंच व साडेचार इंच जाड आहे असें धरा. तिचें घनफळ सुमारे १.०६ घनमीटर भरतें. वीटकामाचें वजन दर घनमीटरास सुमारे १,९०० किलो धरलें तर एकट्या विटांचें वजन सुमारे २,००० किलो होतें. दोन्ही बाजूंस अर्धा-अर्धा इंच गिलावा आहे. त्याचे आणखी सुमारे ४७० किलो. एकूण जवळजवळ अडीच टन! चाळीस किलोंची एक याप्रमाणें साठांहून अधिक गोण्या भरतील. आणि फुटलेला माल सैल पडत असल्यानें उभ्या भिंतीपेक्षां सुमारे दीडपट जागा व्यापतो.

आतां पुढचा प्रश्न. माणसें भिंत पाडतात आणि संध्याकाळीं राडारोडा खोलीच्या मधोमध रचून घरीं जातात. तो ढीग दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद जागेंत आहे असें धरा. म्हणजे चार चौरस मीटरांवर अडीच टन, अर्थात् एका चौरस मीटरावर सहाशें किलोंहून अधिक. आपल्या देशांत राहत्या खोल्यांची जमीन, माणसें व सामान यांसाठीं, साधारणतः दर चौरस मीटरास २०० किलोंच्या हिशेबानें योजिलेली असते. ढीग दिसावयास गुडघ्याएवढाच असतो, पण भार तिप्पट झालेला असतो. येथें कोणी म्हणेल कीं, तीच भिंत काल उभी होतीच कीं! होती, पण ती आपल्या जागेवर होती, आणि चांगल्या बांधकामांत त्या रेषेखालीं तिच्यासाठीं तुळई किंवा अधिक मजबुती ठेवलेली असते. आज तेंच वजन जमिनीच्या मधोमध, जेथें कोणीही त्याची अपेक्षा केली नव्हती, तेथें येऊन बसलें. म्हणून जाणता ठेकेदार जितकें पाडतो तितकें त्याच दिवशीं गोण्यांत भरून खालीं नेतो, आणि मध्यंतरीं ठेवावेंच लागलें तर भिंतींच्या कडेनें पसरून ठेवतो. अडगळीच्या सामानाचा ढीग महिनाभर व्हरांड्यांत पडून राहिला तर फार तर शेजारी रागावतात.

भार हा एक भाग झाला. भिंतीच्या पोटांत काय आहे हा दुसरा. विजेच्या तारा, पाण्याचे नळ, क्वचित् गॅसची नळी, हें सर्व गिलाव्याखालीं दडलेलें असतें. म्हणून पहिला घाव घालण्यापूर्वीं मुख्य बटण बंद करावें, पाण्याची तोटी व गॅस बंद करावा, आणि कामास वीज पाहिजे असल्यास ती वेगळ्या वाटेनें घ्यावी. दिवे बंद आहेत एवढ्यावरून तारेंत वीज नाहीं असें मानूं नये.

न्हाणीघराची फरशी हें तर खालच्या शेजाऱ्याशीं असलेल्या मैत्रीचें कसोटीस्थान होय. आपल्याकडे पुष्कळ इमारतींत मोरीची जमीन थोडी खोल ठेवून तींत विटांचे तुकडे व सिमेंट यांचा कोबा भरतात, आणि पाणी खालीं न झिरपण्याची व्यवस्था त्या थरांत केलेली असते. वरची लादी बदलावयाची म्हणून कोणी कोबाही खणून काढला, तर आपण केवळ फरशी काढलेली नसते. खालच्याचें छप्पर काढलेलें असतें. ओल दिसूं लागते ती पुढच्या महिन्यांत, आणि तोंवर नवी लादी बसलेली असते. मला स्वतःला असें वाटतें कीं, घरदुरुस्तींतील शेजाऱ्यांचे निम्मे तंटे या एका अज्ञानांतून निघतात.

आणखी एक वाईट रीत येथेंच सांगून टाकतों. तारा लपविण्यासाठीं विटांच्या भिंतींत खाच करणें निराळें आणि काँक्रीटच्या खांबांत किंवा तुळईंत खाच करणें निराळें. खांबावरील काँक्रीटचा बाहेरचा थर आंतील लोखंडी सळयांचें पाणी व हवा यांपासून रक्षण करतो. तो फोडला कीं सळई गंजते, गंजून फुगते, आणि उरलेलें काँक्रीट स्वतःच फोडून काढते. छिन्नी चालविणाऱ्यास दोन्ही जागा सारख्याच कठीण लागतात. फरक सांगणारें कोणी तरी शेजारीं उभें पाहिजे.

आतां धुळीविषयीं. माळा झाडतांना शिंका येतात. ती धूळ आणि पाडकामाची धूळ एक नव्हे. वीट, काँक्रीट व दगड कापतांना किंवा फोडतांना जी अति बारीक धूळ उडते तींत सिलिका असतें. तें फुप्फुसांत खोल जाऊन बसतें आणि वर्षानुवर्षें असें काम करणाऱ्या मजुरांना त्यापासून सिलिकोसिस नांवाचा रोग होतो; तो बरा होत नाहीं. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडूं नयेत, घासूं नयेत. पाणी मारून, ओले ठेवून, अखंड उतरवावेत आणि तेंही जाणत्या माणसांकडून. त्यांतील तंतु श्वासाबरोबर आंत गेले तर त्यांचा परिणाम वीस-तीस वर्षांनीं दिसूं लागतो. जुन्या तेलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरतें मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. अर्थात् त्यापूर्वींच्या रंगांविषयीं खात्री नसते. अशा दारा-खिडक्या कोरड्या घासल्या तर ती भुकटी जमिनीवर पडते आणि रांगणाऱ्या मुलांच्या हातांवाटे पोटांत जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस शिसें फार घातक आहे. म्हणून पाडकाम चालू असतां लहान मुलें व वृद्ध माणसें घरांत असूं नयेत, तोडण्याच्या जागेवर पाणी शिंपडीत राहावें, दुसऱ्या खोल्यांच्या दारांवर ओल्या चादरी किंवा प्लास्टिक लावावें. नाकास रुमाल बांधल्यानें ही बारीक धूळ अडत नाहीं. एन-९५ सारखा घट्ट बसणारा मास्क पाहिजे, आणि तो मजुरासही पाहिजे. आपल्या घराच्या सुखासाठीं जो दिवसभर ती धूळ गिळतो, त्याच्या मास्कचे पैसे ठेकेदारानें द्यावेत कीं मालकानें द्यावेत हा वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

कामाचा क्रमही यावरून आपोआप ठरतो. आधीं अडगळ निघाली पाहिजे. रिकाम्या खोलींतच भिंत नीट तपासतां येते, हातोडा मोकळेपणें चालतो, आणि चांगलें सामान धुळीनें खराब होत नाहीं. मग इंजिनियरची पाहणी, मग वीज-पाणी बंद करणें, जेथें जरूर तेथें टेकू देणें, आणि मग पाडणें. तेंही वरून खालीं, विटांचा एकेक थर काढीत. भिंतीच्या पायथ्याशीं घाव घालून ती एकदम आडवी करणें हें पाहणाऱ्यास पराक्रमाचें वाटतें. ती कोणत्या बाजूस पडेल हें मात्र भिंत ठरविते.

बाहेर नेलेला माल पुढें कोठें जातो, येथें दोन्ही कामांच्या वाटा पुन्हां निराळ्या होतात. अडगळ बहुतेक सर्व कोणाच्या ना कोणाच्या उपयोगीं पडते. राडारोडा भंगारवाला घेत नाहीं आणि रोजची घंटागाडीही घेत नाहीं. म्हणून तो रात्रीच्या अंधारांत रस्त्याच्या कडेस, नाल्यांत, किंवा मुंबईसारख्या ठिकाणीं खाडीच्या कडेच्या खारफुटींत नेऊन ओततात; नाला तुंबला म्हणजे पहिल्या मोठ्या पावसांत तें पाणी आपल्याच दारीं येतें. सरकारनेंही हे दोन कचरे निराळे मानले आहेत. २०१६ सालीं घरगुती घनकचऱ्याचे नियम वेगळे झाले आणि बांधकाम व पाडकाम यांच्या कचऱ्याचे वेगळे. या दुसऱ्यांच्या जागीं २०२५ सालीं नवे नियम प्रसिद्ध झाले. राडारोडा दळून त्याची खडी, रेती व फरसबंदीचे ठोकळे करतां येतात. भारतांत असें पहिलें मोठें केंद्र दिल्लीस बुराडी येथें २००९ सालीं सुरू झालें, आणि मुंबईसाठीं दहिसर व शिळफाटा येथें अशीं केंद्रें उभारण्यांत आलीं आहेत. मात्र यासाठीं मालांत चिंध्या, प्लास्टिक, मोडक्या खुर्च्या मिसळलेल्या असूं नयेत. दोन्ही कामें एकाच वेळीं, एकाच ढिगांत केलीं म्हणजे भंगारवाल्यास भंगार मिळत नाहीं आणि गिरणीस वीट मिळत नाहीं.

पाडकामांतूनही कांहीं वस्तु जपून काढण्यासारख्या निघतात हें सांगावयाचें राहिलें. जुन्या घरांतील सागवानी चौकटी, कड्या, बिजागऱ्या, शहाबादी फरशा, घोटीव पितळी कड्याकोयंडे: हातोड्यानें काढल्यास सरपण, पटाशीनें व पहारेनें हलकेंच काढल्यास पुन्हां शंभर वर्षें चालतील असा माल. तेव्हां काय जपून काढावयाचें तें आधींच खडूनें खूण करून ठेवावें.

पालकांसाठीं ठेक्याविषयीं दोन शब्द. अडगळीचा दर खेपेवर, नगांवर किंवा वजनावर ठरतो. पाडकामाचा चौरस फुटांवर किंवा भिंतीच्या मापावर. दोन्हींचा मिळून एक उक्ता आंकडा घेतला म्हणजे कशाचे किती पैसे झाले हें कधींच कळत नाहीं, आणि पुष्कळदां ‘पाडणें’ म्हणजे केवळ पाडणें, खालीं नेणें निराळें, असा अर्थ मागाहून निघतो. त्या साठ गोण्या जिन्यावरून कोण नेणार, कोणत्या वेळीं नेणार, कोठें टाकणार आणि तेथील पावती आणून देणार कीं नाहीं, हें कागदावर असावें. टेकू कोण देणार व शेजाऱ्याच्या भिंतीस तडा गेल्यास कोण भरून देणार, हेंही असावें.

आमच्या घरची भिंत अद्याप उभी आहे. इंजिनियर आले, त्यांनीं वरचें घर पाहिलें, खालचें पाहिलें, आणि पूर्ण भिंत काढण्यास साफ नकार दिला. टेकू देऊन, वर लोखंडी तुळई बसवून, तींत एका दाराएवढी वाट तेवढी करून दिली. त्यांतून पुरेसा उजेड येतो. गिलावा पडल्याची जागा पुन्हां लिंपली आहे, पण डाव्या हातास किंचित् उंचवटा राहून गेला आहे. वरच्या आजीबाईंना त्या सकाळविषयीं मीं बरेच दिवस कांहीं सांगितलें नव्हतें. सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, ‘तरीच माझी देव्हाऱ्यांतली घंटा हालली!’

त्या सातवीच्या विद्यार्थ्यानें परवां मला वही दाखविली. घरांतील तीन भिंतींचीं मापें घेऊन त्यानें वजनें काढलीं आहेत. एका ठिकाणीं इंचांचे सेंटिमीटर करतांना चुकला आहे, तें मीं दुरुस्त करून दिलें. माळे व कपाटें मागच्या रविवारीं रिकामीं झालीं असें तो सांगत होता. भिंतीविषयीं इंजिनियरचें उत्तर अद्याप यावयाचें आहे.